मुसंडेरावांचे रोड टायर

एका जंगलात जिकडेतिकडे डांबरी रस्ते झाले होते. तुम्ही म्हणाल, मग ते जंगल कसलं? मुलांनो, गोष्ट चालू असताना मधे बोलायचं नाही. जंगलच होतं ते. झाडं होती, ओढे होते, वाघसुद्धा होता. पण वाघाला रस्त्यांची भारी हौस. त्याने पार मुंग्यांच्या वारुळापर्यंत डांबर नेलं होतं आणि उद्घाटनाचा नारळ मुंग्यांना फोडायला लावला होता.

या जंगलात मुसंडेराव नावाचे एक रानडुक्कर राहत. अंगाने थोराड, स्वभावाने गरीब. कंदमुळे खात्यात कारकून होते. त्यांच्याकडे एक मोटारसायकल होती. साधीसुधी नव्हे. उंचच उंच, भल्यामोठ्या टाकीची, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या आणि पुढे दिव्याखाली पक्ष्यासारखी चोच. ही गाडी डोंगर चढते, नदीतून जाते, वाळवंट पार करते, असं तिच्याबरोबर मिळालेल्या पुस्तकात छापलेलं होतं. मुसंडेराव तिच्यावरून रोज कचेरीत जात आणि येताना भाजी आणत.

अशा गाड्या असलेल्या प्राण्यांचं एक मंडळ होतं. त्याचं नाव आडवाट मंडळ. सभासद बारा. अध्यक्ष तात्या गवा आणि चिटणीस माकड. बाराव्या जागेवर आपले मुसंडेराव.

मंडळ दर रविवारी आडवाटेने जाई. आडवाट म्हणजे चौपदरी रस्ता. तो करवंदी घाटाच्या माथ्यावर घोरपडबाईंच्या चहाच्या टपरीपर्यंत जात होता. तिथे कांदाभजी खायची, दोन दोन कप चहा घ्यायचा आणि मग टपरीच्या मागे जायचं. तिथे एक खड्डा होता आणि खड्ड्यात चिखल होता. घोरपडबाई रोज सकाळी त्यात दोन घागरी पाणी ओतायच्या, वाळू नये म्हणून. कडेला पळ्या ठेवलेल्या असत. एकेकाने पळी घेऊन आपापल्या गाडीला चिखल लावायचा, मग मंडळातल्या मोराने फोटो काढायचे. तो चिखल शुक्रवारपर्यंत धुवायचा नाही असा नियमच होता. सोमवारी कचेरीपुढे गाडी लावली की लोकांनी विचारलं पाहिजे ना, "काय हो, कुठे जाऊन आलात?"

मुसंडेरावांना या प्रकारात जरा अवघडल्यासारखं होई. ते पडले रानडुक्कर. रोज सकाळी आंघोळीला चिखलातच जाणारे. कुठला चिखल पाय धरतो, कुठला ओढून घेतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्यांना कधी चिखलात जावंसं वाटलं की ते चालत जात. पण मंडळाचं मन कोण मोडणार? तेही पळी हातात घेत. त्यांचा हात त्यात इतका चांगला होता की बाकीचेही आपली गाडी त्यांच्याकडूनच माखून घेत.

मंडळाचा आणखी एक नियम होता. गाडीला बटन टायरच पाहिजेत. बटन टायर म्हणजे ज्यावर रबराचे मोठमोठे ठोकळे असतात आणि ठोकळ्यांच्या मधे खोल घळी असतात तो. चिखलात, मातीत तो चांगला धरतो. डांबरावर मात्र गाडीभर गुरगुर ऐकू येते, हँडल धरलेल्या हातांना मुंग्या येतात आणि वळण ओलं असलं तर देवाचं नाव घ्यावं लागतं. पण दिसतो मोठा रुबाबदार.

आता खरी अडचण ऐका.

मंडळ वर्षातून एकदा सागरस्वारीला जाई. तीन जंगलं ओलांडून समुद्रापर्यंत. प्रत्येक जंगलाच्या नाक्यावर जाताना परवाना दाखवावा लागे आणि तो मंडळाच्या नावानेच मिळे. येताना कुणी विचारत नसे. मुसंडेरावांच्या बायकोने, तानूबाईंनी, समुद्र पाहिलेला नव्हता. लग्न ठरलं तेव्हा मुसंडेरावांनी त्यांना एकच गोष्ट कबूल केली होती, समुद्र दाखवीन. त्याला सोळा वर्षं झाली होती.

गेल्या वर्षी दोघं निघालेही होते. करवंदी घाटातल्या तिसऱ्या वळणावर कुणाच्या तरी टँकरचं पाणी सांडलेलं होतं. मागचं चाक सटकलं आणि दोघं गाडीसकट जाळीत. मंडळ थांबलं नाही. आडवाटेला पडझड व्हायचीच, असं तात्या गव्याचं मत होतं. तानूबाईंनी अंगातले काटे काढले, चालत घरी आल्या आणि म्हणाल्या, "मी काही आता या गाडीवर बसायची नाही. तुम्ही या बघून समुद्र. कसा असतो ते सांगा मला."

त्या रागावल्या असत्या तर मुसंडेरावांना बरं वाटलं असतं. पण त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी समुद्राचा नाद सोडून दिला होता.

या वर्षीची स्वारी आठवड्यावर आली तेव्हा मुसंडेराव साळूबाईंच्या दुकानात गेले. साळूबाई म्हणजे साळिंदर. टायरचं आणि पंक्चरचं दुकान त्यांचं. त्यांच्या दुकानाच्या आगेमागे रस्त्यावर काटे फार पडलेले असत. लोकांना याचं नवल वाटे. तुम्हीही नवलच करा.

"साळूबाई, टायर बदलायचे म्हणतो."

"काढून ठेवते बटन. तुमच्या मंडळाचे समदे तेच नेत्यात."

"तसं नाही. तुम्हाला काय वाटतं?"

साळूबाईंच्या हातातला पाना थांबला. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. मला सांगा, वर्सभरात गाडी कुठं कुठं गेली?"

"कचेरीत. बाजारात. सासुरवाडीला दोनदा. रविवारी घाटात."

"समदं डांबर. आन् मातीत कुठं गेली?"

"घरापासून रस्त्यापर्यंत. चाळीस पावलं असेल."

"अजून?"

मुसंडेराव लाजले. "एकदा सासुरवाडीहून येताना... जेवण जास्त झालं होतं. तेव्हा झुडपामागे घेतली होती गाडी."

"म्हंजी चाळीस पावलं आन् एक झुडूप," साळूबाई म्हणाल्या. "त्याच्यापायी तुम्ही वर्सभर थरथरत फिरताय."

त्यांनी आतून दुसरा टायर आणला. त्यावर ठोकळे नव्हते. अंग भरलेलं आणि त्यावर बारीक, तिरक्या खाचा.

"ह्यो रोड टायर. रस्त्याला समदा टेकतो. ह्या खाचा पाणी भायेर टाकाया. वळणावर गाडी कलली की ह्यो कडंनंबी धरतो. कच्चा रस्ता लागला तर सावकाश जाईल, काई बिघडत न्हाई. पर चिखलात नेऊ नका. तितं ह्यो तुमच्यावानी लोळंल."

"आणि वजन?"

"किती वजन पेलंल त्यो आकडा टायरवर असतोय, त्यो बघूनच देते. तुम्ही दोघं, वर भरलेल्या पेट्या. वजन सांगाया लाजायचं न्हाई. लाजला की टायर चुकला."

मुसंडेरावांनी दोघांचं वजन खरं सांगितलं. साळूबाईंनी एक टायर परत ठेवला आणि त्याहून दणकट आणला.

"पण मंडळ काय म्हणेल?" मुसंडेरावांनी विचारलं.

"मागल्या शीटवर कोन बसतंय? मंडळ का तानूबाई?"

मुसंडेरावांनी डोळे मिटले आणि दोन्ही टायर बदलून घेतले.

घरी आल्यावर त्यांनी तानूबाईंना पुष्कळ विनवलं. फक्त बाजारापर्यंत, म्हणाले. तुला वाटलं तर तिथून चालत परत ये. तानूबाई नाइलाजाने बसल्या आणि त्यांनी मुसंडेरावांचा शर्ट दोन्ही हातांनी गच्च धरला. गाडी निघाली. दुसऱ्या वळणानंतर तानूबाई म्हणाल्या, "अहो, आवाज कुठे गेला?"

"कसला?"

"तो गुरगुराट. मला वाटायचं तुमचंच पोट बिघडलेलं असतं."

मग त्या बोलायलाच लागल्या. वांग्याच्या भावापासून नणंदेच्या नव्या बिळापर्यंत सगळं बोलून झालं. सोळा वर्षांत गाडीवर पहिल्यांदाच त्यांचं बोलणं मुसंडेरावांना ऐकू येत होतं. बाजार आला तरी त्यांनी गाडी थांबवली नाही, एक फेरी जास्त मारली. शर्टावरचा एक हात केव्हाच सुटला होता, कारण हातवारे केल्याशिवाय तानूबाईंना बोलता येत नसे.

घराशी उतरताना त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं, "समुद्राला जायला किती दिवस लागतात हो?"

मुसंडेरावांना इतका आनंद झाला की त्यांनी "तीन!" असं दोनदा सांगितलं. पण लगेच त्यांना एक गोष्ट आठवली. स्वारीच्या आदल्या दिवशी मंडळाची टायर-परीक्षा असे. सगळ्या गाड्या ओळीने लावायच्या आणि तात्या गव्याने एकेका टायरच्या दोन ठोकळ्यांमधे आपला खूर घालून पाहायचा. खूर बसला तर गाडी स्वारीला. नाही बसला तर घरी. नव्या टायरच्या खाचेत मुंगीचासुद्धा पाय बसला नसता.

मुसंडेरावांनी हे सांगितलं तेव्हा तानूबाई वाकून टायर बघू लागल्या.

"खूर कशात घालतात म्हणालात?"

"ठोकळ्यांच्या मधे."

"ते रबराचेच आहेत का, हे बघतात?"

"ते कोण बघतंय!"

"मग आणा दोन घमेली," तानूबाई म्हणाल्या. "काळी माती आणा ओढ्याच्या वरच्या अंगाची. खालच्या अंगाची नको, ती सुटते."

दोघांनी मिळून माती कालवली. त्यात गवताचं कूट घातलं आणि तुडवून तुडवून मऊ केली. मग तानूबाईंनी चूल लिंपावी तसे दोन्ही टायरवर ठोकळे घातले. नाकाने रेटून मधल्या घळी पाडल्या. दोन दिवस कडक उन्हात वाळल्यावर ते ठोकळे असे झाले की बटन टायरने लाजावं.

"हे खोटं नाही का गं?" मुसंडेरावांनी हळूच विचारलं.

"ते दर रविवारी गाडीला काय लावतात?"

"चिखल."

"आपण काय लावला?"

मुसंडेरावांचं मन काही पुरतं मानत नव्हतं, पण समुद्र मन मानण्याची वाट बघत थांबणार नव्हता.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी गाडी चालवली नाही, ढकलत नेली. ओळीत उभं राहून त्यांना घाम फुटला. तात्या गवा खूर घालत घालत येत होता. "बसला," तो म्हणे, आणि माकड वहीत खूण करी. मुसंडेरावांची पाळी आली. तात्याने खूर घातला तो घोट्यापर्यंत आत गेला.

"आरं तिच्या मायला!" तात्या ओरडला. "या रं समदे, बघा! टायर म्हनत्यात तो ह्यो. मुसंडेराव, कुठलं रबर ह्ये?"

गाडी ढकलायला बरोबर आलेल्या तानूबाई म्हणाल्या, "ओढ्याकाठचं आहे, भावजी."

"परदेशी दिसतंय," मोर म्हणाला आणि त्याने फोटो काढला.

एवढे खोल टायर मंडळात कुणाचेच नव्हते. म्हणून मुसंडेरावांना स्वारीत सगळ्यांच्या पुढे चालायचा मान मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारा गाड्या निघाल्या. चाकं फिरायला लागताच ठोकळे सुटू लागले. मातीची ढेकळं मागे उडून तात्याच्या छातीवर, माकडाच्या तोंडावर आणि मोराच्या पिसाऱ्यावर बसली. मुसंडेरावांना वाटलं, संपलं सगळं. पण मागून आरोळ्या आल्या, "वा रं पठ्ठ्या! डांबरातून माती काढतोय!" पहिला मैल संपेपर्यंत सगळे ठोकळे गळून गेले आणि मंडळाचा हुरूप दुणावला.

दोन दिवस प्रवास झकास झाला. म्हणजे मुसंडेराव आणि तानूबाईंचा झाला. बाकीचे संध्याकाळी उतरले की त्यांच्या हातांची थरथर तासभर थांबत नसे. माकडाला वहीत सही करता येईना. तात्याच्या मते याला कणखरपणा म्हणतात.

तिसऱ्या दिवशी शेवटचा घाट लागला. वातावरण कुंद होतं आणि बारीक बुरबुर पडत होती. रस्ता नवाकोरा, काळाभोर आणि चकचकीत ओला. मुसंडेरावांना गेल्या वर्षीची जाळी आठवली. तानूबाई मागून म्हणाल्या, "सावकाश घ्या," आणि पुन्हा नणंदेच्या बिळाविषयी बोलू लागल्या. ते ऐकून मुसंडेरावांना धीर आला. त्यांनी पहिलं वळण घेतलं. गाडी कलली आणि टायरने रस्ता धरून ठेवला. दुसरंही वळण सरळ पार पडलं.

मागून आवाज आला, धप्.

मग आणखी एक धप्. मग ओळीने नऊ. शेवटचा आवाज एवढा मोठा होता की तो तात्या गवाच असणार हे न बघता कळलं.

मुसंडेरावांनी गाडी कडेला लावली आणि ते धावत मागे गेले. त्यांनी एकेकाला उठवलं, गाड्या उभ्या केल्या, माकडाचं शेपूट चाकातून सोडवलं. कुणाचं काही मोडलं नव्हतं, खरचटलं मात्र सगळ्यांना होतं. तात्या रस्त्याच्या मधोमध बसून होता.

"आपले टायर येकदम बेस हायती," तात्या म्हणाला. "ह्यो रस्ताच चुकीचा बांधलाय. डांबर लई झालंय."

सगळ्यांना ते पटलं. तेवढ्यात केळी घेऊन निघालेला हत्तीचा टेम्पो आला. अकरा गाड्या केळींच्या घडांवर चढवून दोरांनी बांधल्या. आणि मुलांनो, मंडळी पुढे हत्तीशेजारी बसली असं समजू नका. ती टेम्पोत आपापल्या गाडीवर बसली, हेल्मेट घालून, दोन्ही हात हँडलवर ठेवून. घाट संपेपर्यंत मोर फोटो काढत होता.

मुसंडेराव आणि तानूबाई पुढे निघून गेले. दुपार व्हायच्या आत उतार संपला, नारळीची झाडं लागली आणि रस्ता जिथे थांबला तिथे समुद्र होता.

तानूबाई उतरल्या. हेल्मेटसुद्धा काढायचं राहिलं. त्यांनी कडेची ओली वाळू पायाने उकरून पाहिली, मग आणखी खोल उकरून पाहिली. मुसंडेरावांना काळजी वाटली.

"काय गं? आवडला नाही का?"

"एवढं पाणी," तानूबाई म्हणाल्या, "आणि कुठेच चिखल नाही. इथले लोक आंघोळ कशी करत असतील हो?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मुसंडेरावांच्याही आलं. दोघांनी ते वाऱ्यावर ढकललं.

तासाभराने टेम्पो आला. गाड्या उतरल्या. वाळूवर मंडळाची सभा भरली, कारण प्रत्येक स्वारीनंतर समुद्रावर पोचल्याची प्रमाणपत्रं वाटायची पद्धत होती. तात्याने जाहीर केलं की पहिलं प्रमाणपत्र मुसंडेरावांना. घाटात एकटे तेच उभे राहिले होते, तेव्हा त्यांनी आपल्या टायरविषयी चार शब्द बोलावेत.

तानूबाई तोवर गुडघाभर पाण्यात गेल्या होत्या. मुसंडेराव उभे राहिले. आता खोटं बोलायला त्यांना काही कारण उरलं नव्हतं.

"ते बटन नव्हते," ते म्हणाले. "वरचे ठोकळे मातीचे होते. आतले टायर साधे रोड टायर आहेत. आपण नेहमी डांबरावरूनच जातो, म्हणून घेतले. तुम्हीही घ्या. फार बरं वाटतं."

सगळे गाडीपाशी गेले आणि टायर बघून आले. तात्याने डोळे मिटून विचार केला. माकडाने वही उघडली. मग दोघांचं कानात बोलणं झालं आणि माकडाने ठराव वाचून दाखवला.

"ज्या गाडीला बटन टायर नाहीत ती स्वारीत धरता येत नाही. जी गाडी स्वारीत नाही ती समुद्रावर आली असं म्हणता येत नाही. सबब, मुसंडेराव आणि सौभाग्यवती तानूबाई हे समुद्रावर आलेले नाहीत. बाकी अकरा सभासद आपापल्या गाडीवर बसून समुद्रावर पोचलेले आहेत. ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावा."

अकरा हात वर झाले.

त्याच वेळी तिकडे तानूबाईंच्या अंगावर एक मोठी लाट आली. त्यांनी नाकातलं पाणी फुर्रकन उडवलं, हात उंच केला आणि जोराने हलवत ओरडल्या, "अहो, या ना! काय करताय तिकडे?"

माकडाने तोही हात मोजला. ठराव बारा मतांनी मंजूर झाला.

मुसंडेरावांनी बूट काढून वाळूत ठेवले आणि पाण्याच्या दिशेने एक सणसणीत मुसंडी मारली.

मंडळ अर्धा तास थांबलं. फोटो झाले, प्रमाणपत्रं झाली आणि परतीसाठी हत्तीला फोन गेला. जे आलेलेच नव्हते ते दोघं मात्र सूर्य बुडेपर्यंत पाण्यात होते.

तात्पर्य: रस्ता बघून टायर घेणारा समुद्रावर जातो, पण पोचत नाही. म्हणून मुलांनो, टायर नेहमी मंडळाला विचारून घ्यावेत आणि टेम्पोवाल्याचा नंबर खिशात ठेवावा.